तळ्याकाठी चार दिवस

सुटीवरून परतलेल्या माणसाला 'कशी झाली सहल?' असे विचारले, तर उत्तर बहुधा ठरलेले असते : 'छान झाली, पण फार दमलो बुवा!' आणि मग तो थकवा घालवण्यासाठी आणखी एक रजा टाकावी लागते. आठ दिवसांत अकरा ठिकाणे, रोज पहाटे गाडीत बसायचे, प्रत्येक 'पॉइंट'वर पंधरा मिनिटे थांबायचे, फोटो काढायचे आणि पुन्हा गाडी गाठायची. यात सर्वांत कमी विश्रांती मिळते ती घरातल्या गृहिणीला. सामान बांधणे आणि सोडणे, मुलांचे कपडे, आजोबांची औषधे, डब्यातला खाऊ पुरतो की नाही याची काळजी, हे सारे घरचेच काम ती परगावी जाऊन करते. फक्त स्वयंपाकघर तेवढे मागे राहिलेले असते.

अशा कुटुंबांनी एकदा तरी फिरती सहल सोडून एका जागी मुक्काम करून पाहावा. एकच गाव, एकच खोली, समोर पाणी, सकाळ-संध्याकाळ चालायला वाट आणि वेळेवर ताटात येणारे गरम जेवण. एवढ्या भांडवलावर चार-पाच दिवस अगदी सुखात जातात. असा मुक्काम करण्यासाठी उत्तराखंडातल्या नैनीताल जिल्ह्यातली तळी फार सोयीची आहेत.

अर्ध्या दिवसाची तीन तळी

कुमाऊँच्या डोंगराळ मुलुखात तळ्याला 'ताल' म्हणतात. त्यांपैकी नैनीताल सर्वांच्या परिचयाचे. १८४१ मध्ये पी. बॅरन हा इंग्रज व्यापारी येथे पोचला आणि त्यानंतर या तळ्याभोवती गोऱ्या साहेबांची वस्ती वाढत गेली. आज उन्हाळ्याच्या सुटीत नैनीतालच्या मॉल रोडवर पाय ठेवायला जागा नसते. तेथील टॅक्सीवाले 'लेक टूर' नावाची फेरी करतात. अर्ध्या दिवसात भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल अशी तीन ठिकाणे दाखवून प्रवासी मंडळींना परत आणून सोडतात. जी ठिकाणे चार दिवस राहण्याच्या योग्यतेची, ती अशी चहाच्या कपाएवढ्या वेळात उरकली जातात.

खरे तर मुक्कामच या तळ्यांवर करावा आणि वाटले तर एक दिवस नैनीताल पाहून यावे. नैनीताल सुमारे दोन हजार मीटर उंचीवर आहे. ही तळी बाराशे ते चौदाशे मीटरच्या दरम्यान, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वराएवढ्या उंचीवर आहेत. त्यामुळे थंडी बोचत नाही आणि वयस्कर माणसांना चढउताराचा जाचही कमी होतो.

कोणते तळे कोणासाठी?

घरात लहान मुले आणि वृद्ध मंडळी असतील तर भीमताल उत्तम. परिसरातल्या तळ्यांत हे सर्वांत मोठे. भीमाने गदेचा प्रहार करून येथे पाणी काढले अशी लोककथा आहे. तळ्याच्या टोकाशी १८८३ मध्ये बांधलेला दगडी बंधारा आहे. खालच्या भाबर पट्ट्यातल्या शेतीला पाणी मिळावे, हा त्यामागचा हेतू होता. बंधाऱ्याला लागूनच भीमेश्वर महादेवाचे जुने मंदिर आहे. तळ्याच्या मधोमध एक लहानसे बेट असून त्यावर मत्स्यालय आहे. होडीतून बेटावर जाण्यात मुलांची एक सकाळ मजेत जाते. गावात बाजार, औषधांची दुकाने आणि डॉक्टर हाताशी असल्यामुळे आजीआजोबा बरोबर असले तरी चिंता नसते.

भीमतालपासून चार-पाच किलोमीटरवर नौकुचियाताल आहे. 'नौ कुचिया' म्हणजे नऊ कोपऱ्यांचे. तळ्याची कड इतकी वेडीवाकडी आहे की एका जागी उभे राहून सगळे कोपरे दिसत नाहीत. ज्याला नऊही कोपरे एकदम दिसतील त्याचे भाग्य उजळेल, असे लोक म्हणतात. होडीवाला ही गोष्ट सांगतो आणि मग मुले मोजायला लागतात. सहा, सात आणि पुढे वाद सुरू! हे तळे सुमारे चाळीस मीटर खोल आहे आणि त्याला जमिनीखालच्या झऱ्यांचे पाणी मिळते. नवविवाहित जोडप्यांना किंवा वाचन, विणकाम, चित्रकला असा शांत छंद असणाऱ्यांना ही जागा मानवते. जवळच कमळांचे एक लहान तळे आहे, तेही पायी जाऊन पाहावे.

तिसरे सातताल. नावाप्रमाणे येथे एकमेकांलगत लहानमोठी तळी आहेत. राम, लक्ष्मण आणि सीता यांच्या नावाची तळी जोडीने आहेत, शिवाय गरुडताल आणि नल-दमयंतीताल. चहूकडे दाट रान असल्याने बाजारहाट जवळजवळ नाही आणि रात्री किर्र शांतता असते. पक्षी पाहणाऱ्यांचे हे आवडते ठिकाण. लांब शेपटीचा निळा मॅगपाय आणि पहाटे शीळ घालणारा कस्तूर येथे विशेष कष्टाशिवाय भेटतात. ज्यांना दुकाने आणि दूरदर्शन यांवाचून करमत नाही, त्यांनी मात्र सातताल दिवसभरासाठीच ठेवावे.

पायी चालण्याची वेळापत्रके

मुक्कामाचा पहिला दिवस थोडा अवघड जातो. 'आता काय पाहायचे?' असे मुले दर तासाला विचारतात आणि वडीलही मनातून तेच विचारत असतात. या दिवशी घाईने टॅक्सी बोलावू नये. दुसऱ्या दिवसापासून पाय आपोआप वाटेला लागतात.

सकाळी सहा ते आठ ही चालण्याची उत्तम वेळ. तळ्यावरचे धुके तेव्हा हळूहळू उठत असते आणि रस्त्यावर वाहनेही नसतात. भीमताल ते नौकुचियाताल हे अंतर बेताच्या चालीने सव्वा तासात पार पडते. परत येताना दमल्यास जीप मिळते. भीमतालजवळच्या कर्कोटक टेकडीवर नागाचे स्थान आहे. तेथवरचा चढ दमाचा आहे, पण वरून तळे संपूर्ण दिसते. साततालला रामतालपासून गरुडतालकडे जाणारी वाट ओक आणि चीड वृक्षांच्या सावलीतून जाते. नैनीतालला गेल्यास मॉल रोडच्या गर्दीत शिरण्याऐवजी तळ्याच्या दुसऱ्या अंगाची 'ठंडी सडक' धरावी. तिच्यावरून पायीच जायचे असल्याने तेथे हॉर्नचा त्रास नाही.

दोन गोष्टींची काळजी मात्र अवश्य घ्यावी. या रानांत बिबट्याचा वावर आहे, म्हणून दिवस मावळल्यावर रानवाटेने जाऊ नये आणि मुलांना एकटे पुढे सोडू नये. दुसरे असे की तळी काठापासूनच एकदम खोल होतात. होडीत बसताना प्रत्येकाने, पोहता येणाऱ्यानेही, जीवरक्षक जाकीट घालावे. पोहण्याचा मोह टाळावा.

ताटात ओळखीची माणसे

महाराष्ट्रातून निघणाऱ्या सहलींत बहुधा आपला आचारी बरोबर असतो. हिमालयाच्या पायथ्याशी गरम वरणभात मिळतो याचे अप्रूपही वाटते. पण मुक्कामाला गेलेल्यांनी कुमाऊँनी जेवण चाखल्याशिवाय परतू नये. ते परके वाटेल ही भीती पहिल्याच घासाला जाते, कारण ताटातले निम्मे पदार्थ वेगळ्या नावाने भेटणारे जुने ओळखीचे असतात.

तेथील 'मंडुवा' म्हणजे आपली नाचणी. तिची भाकरी तूप-गुळाबरोबर खातात. 'गहत' म्हणजे कुळीथ. कोकणातल्या माणसाला गहताची डाळ खाताना घरच्या पिठल्याची आठवण झाल्यावाचून राहत नाही. 'झंगोरा' हे वरीच्या जातीचे बारीक धान्य, त्याची खीर करतात. काकडीच्या रायत्यात हळद आणि वाटलेली मोहरी घालतात. आपल्या मोहरी फेसून केलेल्या कोशिंबिरीची ती सख्खी बहीणच शोभेल, फक्त नाकात जाणारा झणका जरा जास्त.

नवी ओळख होते ती 'भट' या काळ्या सोयाबीनची. लोखंडी कढईत भट तेलावर परतून, पीठ लावून दाट शिजवले की 'चुडकानी' होते. ती गरम भातावर घ्यावी. 'आलू के गुटके' म्हणजे उकडलेल्या बटाट्याच्या फोडी मोहरीच्या तेलात धने-जिरे आणि सुक्या मिरचीवर परतलेल्या. मुले ते चहाबरोबरही संपवतात. भांगेच्या बियांची चटणी पाहून दचकायचे कारण नाही. भाजलेल्या बिया, मिरची आणि लिंबू एवढेच तिच्यात असते आणि बियांना नशा नसते.

एप्रिल ते जूनमध्ये रस्त्याच्या कडेला लालचुटूक 'काफळ' द्रोणांत घेऊन मुले बसलेली असतात. भवालीच्या बाजारात आडू, पुलम आणि खुबानी म्हणजे पीच, प्लम आणि जर्दाळू ताजे मिळतात. बुरांशाच्या लाल फुलांचे सरबत बाटलीत भरून घरी आणता येते. गोडात खव्याची, वरून साखरेचे पांढरे मणी लावलेली 'बाल मिठाई' प्रसिद्ध आहे. ती अल्मोड्याची खासियत, पण भवाली-भीमतालातही मिळते.

हे जेवण मोठ्या हॉटेलात क्वचित मिळते. घरगुती निवासात उतरल्यास यजमान घरातल्या भाभीजी आदल्या दिवशी सांगितले की आनंदाने करून घालतात. पाककृती विचारल्यास हातचे राखून ठेवत नाहीत.

सुटी सर्वांची

मुक्कामाचा खरा लाभ व्हायचा असेल तर निघण्यापूर्वी घरात एक लहानसा करार करावा. प्रत्येकाने आपली पिशवी आपण भरावी आणि आपणच आवरावी. आजोबांच्या औषधांची आठवण नातवाने ठेवावी. सकाळचा चहा सांगण्याचे काम वडिलांकडे द्यावे. आणि दिवसातले दोन तास आईला कोणीही हाक मारू नये. ती तळ्याकाठी बसो, झोपो किंवा एकटीच चालून येवो. वर्षभर घड्याळाला बांधलेल्या बाईला हे दोन तास कोणत्याही 'पॉइंट'पेक्षा मोलाचे वाटतात. मुलांनाही आई नुसती बसलेली पाहण्याची सवय व्हायला हवी. तसे झाले तर घरी परतल्यावर तिच्या विश्रांतीची वेळ वेगळी मागून घ्यावी लागणार नाही.

तळ्यालाही विसावा हवा

पाहुणा म्हणून जाताना यजमानाची प्रकृती ठाऊक असावी. नैनीताल शहर पिण्याच्या पाण्यासाठी मुख्यतः आपल्या तळ्यावरच अवलंबून आहे. तळ्याच्या तळाशी प्राणवायू इतका कमी झाला होता की २००७ पासून यंत्राने हवा सोडण्याची व्यवस्था करावी लागली. २०१७ च्या उन्हाळ्यात पातळी फार खाली गेली आणि काठचा गाळ उघडा पडला.

असे का होते? या तळ्यांना डोंगरात मुरलेले पाणी पोसते. बांज म्हणजे ओकच्या रानात पडलेला पाचोळा पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि सावकाश झऱ्यांना देतो. नैनीतालच्या वरच्या अंगाला सूखाताल नावाचा खोलगट भाग आहे. पावसाळ्यात तो भरतो आणि त्याचे पाणी जमिनीखालून मोठ्या तळ्यात उतरते. अशा जागी इमारती आणि सिमेंट आले की पाणी मुरायचे थांबते आणि गटारातून वाहून जाते. उन्हाळ्यात पाहुणे वाढतात तेव्हाच पाणी सर्वांत कमी असते. डोंगर पोखरण्याची किंमत तर नैनीतालने फार पूर्वीच पाहिली आहे. १८ सप्टेंबर १८८० रोजी कोसळलेल्या दरडीत १५१ माणसे दगावली होती.

म्हणून आंघोळीला एक बादली पुरवावी, चादरी-टॉवेल रोज बदलून मागू नयेत, प्लॅस्टिकची पाकिटे परत बॅगेत टाकावीत आणि माशांना पाव-मुरमुरे घालू नयेत. कुजलेले अन्न पाण्यातला प्राणवायू खाते. मुलांना हे एकदा समजावून सांगितले की मग तीच मोठ्यांवर पाळत ठेवतात!

जाण्यापूर्वी

मार्च ते जून आणि सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ चांगला. जुलै-ऑगस्टमध्ये दरडींमुळे रस्ते बंद पडतात. मे-जूनमधले शनिवार-रविवार टाळावेत, कारण भवालीच्या रस्त्यावर वाहनांची लांबच लांब रांग लागते. दिल्लीहून काठगोदामपर्यंत रेल्वे आहे. तेथून भीमताल सुमारे एकवीस किलोमीटर, टॅक्सीने तासाभराचा रस्ता. कुमाऊँ मंडल विकास निगमची विश्रामगृहे भीमताल, नौकुचियाताल आणि सातताल येथे आहेत. सुटीच्या मोसमासाठी आरक्षण बरेच आधी करावे. उन्हाळ्यातही एक स्वेटर, पकड असलेले बूट, छत्री आणि विजेरी बरोबर असावी. घाटरस्त्यात ज्यांना मळमळते त्यांनी काठगोदामला हलकाच नाश्ता करावा.

परतीचे तिकीट काढताना एक दिवस मोकळा ठेवावा. डोंगरात रस्ता कधी अडेल ते सांगता येत नाही. आणि नाहीच अडला, तर तळ्याकाठी आणखी एक सकाळ मिळते.