नांगर हवा जमिनीच्या मापाचा

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर घडविला, तेव्हा लोखंडी फाळाने जमीन विषारी होईल, ही शेतकऱ्यांच्या मनातील शंका दूर करणे हेच त्यांच्यापुढील मोठे आव्हान होते. शतकानंतर चित्र पूर्णतः पालटले आहे. नांगर जितका मोठा आणि फाळ जितका खोल, तितकी शेती उत्तम, अशी समजूत आज गावोगाव रूढ झाली आहे. ही समजूतही तितक्याच परखडपणे तपासली पाहिजे.

वस्तुतः नांगराची निवड दुकानात नव्हे, शिवारात व्हावयास हवी. तणे आणि धसकटे माजलेल्या भारी काळ्या जमिनीत माती उलटविणारा फाळाचा नांगर उपयुक्त ठरतो. तणे गाडली जातात आणि किडींचे कोष वैशाखाच्या उन्हात उघडे पडतात. दगडगोटे व मुळ्या असलेल्या कठीण रानात फाळ अडतो. तेथे तव्यांचा नांगर अडथळ्यावरून फिरत पुढे सरकतो. उथळ मुरमाड जमिनीत मात्र खोल नांगरटीचा मोह टाळलेलाच बरा, अन्यथा खालचा मुरूम वर येऊन मूठभर सुपीक माती गाडली जाते.

ट्रॅक्टरची शक्तीही पाहिली पाहिजे. दोन फाळांच्या पलटी नांगरास साधारणतः ४० ते ५० अश्वशक्ती लागते. लहान ट्रॅक्टरला मोठा नांगर जोडला की चाके जागीच फिरतात, डिझेल जळते आणि टायर झिजतात.

वापरातील चुका तर अधिक महागात पडतात. वाफसा येण्यापूर्वी ओल्या रानात ट्रॅक्टर घातला, की माती दबून ढेकळे बनतात. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरल्याने तासाखाली टणक थर तयार होतो. मग पाणी मुरत नाही आणि मुळे खाली जात नाहीत. असा थर फोडण्यास सबसॉयलर लागतो, आणखी मोठा पलटी नांगर नव्हे. उताराला आडवी नांगरट केली, तर पहिल्या पावसात बांधावरून वाहून जाणारी माती शेतातच राहते. खोल नांगरट दरवर्षी करण्याचीही गरज नाही. दोन-तीन वर्षांतून एकदा पुरते.

प्रश्न पैशाचाही आहे. २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारणक्षेत्र अवघे १.३४ हेक्टर होते. एवढ्या जमिनीसाठी प्रत्येकाने कर्ज काढून अवजारे घेणे म्हणजे प्रतिष्ठेपायी संसार गहाण टाकणेच होय. चार-पाच शेजाऱ्यांनी मिळून नांगर घेणे किंवा अवजार केंद्रातून तो भाड्याने आणणे अधिक शहाणपणाचे. मात्र भाड्याने काम सोपविले, तरी मालकाने बांधावर उभे राहून तासाची खोली काठीने मोजावी. एकराचा दर चालकाला मिळतो. जमिनीचे बरेवाईट मात्र मालकाच्याच पदरी पडते.