पाऊस पडला म्हणजे दुष्काळ फिटला असं नाही, साहेब!

"आता तर पाऊस झाला ना? मग दुष्काळ दुष्काळ काय लावलंय?" गेल्या पंधरा दिवसांत हे वाक्य मी निदान दहा जणांच्या तोंडून ऐकलं. शहरातल्यांनी विचारलं तर एक वेळ समजू शकतो. पण आता पुढारीही तोच सूर लावायला लागलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी हिशोब मांडू. २०२३ चा ऑगस्ट हा देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. सोयाबीन, मका, बाजरी ऐन भरायच्या वेळी पाऊस गायब. नगर-नाशिकच्या धरणांतून जायकवाडीला ८.६ टीएमसी पाणी सोडायचा आदेश निघाला आणि त्यावरून दोन्हीकडचे शेतकरी एकमेकांसमोर उभे राहिले. ३१ ऑक्टोबरला सरकारने ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यात आमच्या जिल्ह्यातले सिन्नर, येवला, मालेगाव. मग ओरड झाल्यावर आणखी १,०२१ महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती मान्य केली.

आणि २६ नोव्हेंबरला गारा! निफाडच्या द्राक्षबागा झोडपल्या. मणी फुटले, पानं फाटली, जे घड वाचले त्यांच्यावर डाऊनी आणि कूज. शेतातला लाल कांदा सडला, उन्हाळ कांद्याचं रोप झोपलं. खान्देशात वेचणीचा कापूस भिजला, तुरीचा फुलोरा गळाला.

या पावसाने कुठं काही भलं झालं का? झालं. काही ठिकाणी हरभऱ्याला, ज्वारीला ओल मिळाली, मी नाही म्हणत नाही. पण जून ते सप्टेंबर जो पाऊस मुरतो, विहिरीला पाझरतो, धरणात साठतो, त्याची भरपाई दोन दिवसांच्या झोडपणीने होत नाही. कडक झालेल्या रानावरून पाणी पळून जातं, जाताना मातीही नेतं. मार्चमध्ये टँकर लागायचा तो लागणारच आहे.

आता सरकारी कागदाची गंमत बघा. दुष्काळाची फाईल वेगळी, अवकाळीची वेगळी. खरीप करपलं ते एका टेबलावर, रब्बी आणि बाग गेली ते दुसऱ्या टेबलावर. शेतकरी एकच, गट नंबर एकच, सोसायटीचं कर्जही एकच. पण दोन्ही नुकसानींची बेरीज कुठल्याच टेबलावर होत नाही.

केंद्राचे निकष काय? नुकसान ३३ टक्क्यांच्या वर पाहिजे. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंतच. म्हणजे द्राक्षाला एकरी साधारण नऊ हजार. एकरी खर्च लाखांच्या घरात जातो. नऊ हजारांत औषधाच्या दोन-चार फवारण्यासुद्धा होत नाहीत.

विम्याचं बोलू. एक रुपयात पीकविमा म्हणून मोठमोठे फलक लागले. द्राक्षाला मात्र फळपीक विमा वेगळा, आणि त्यातही गारपिटीचं संरक्षण हवं तर जादा हप्ता भरायचा. नुकसान झालं की ७२ तासांत कळवा. वीज गेलेली, टॉवर बंद, कंपनीचा नंबर कायम व्यस्त. ७२ तास कोणाचे मोजायचे? अतिवृष्टी ठरवायची तर मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर पाऊस लागतो. अहो, गार पट्ट्याने पडते. एका शिवारात काहीच उरत नाही आणि शेजारच्या शिवारात थेंब नाही. अनेक गावांत मिळून एक पर्जन्यमापक, तो गारेचं नुकसान कसं सांगणार?

हवामान खात्याने इशारा दिला होता, हे खरं. पण इशारा वाचून बाग घरात आणता येत नाही. प्लास्टिकचं आच्छादन एकरी लाखांत जातं, ते कुणाला परवडतं?

एवढ्यावर भागलं नाही म्हणून ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यातबंदी आली होती. ऑगस्टमध्ये ४० टक्के शुल्क, ऑक्टोबरच्या शेवटी ८०० डॉलरची किमान किंमत, आणि मग दारच बंद केलं होतं. जो कांदा गारेतून वाचला, त्याचा भाव दिल्लीने पाडला. आभाळाला बोलून उपयोग नाही, पण हा निर्णय आभाळाने घेतलेला नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरला अधिवेशन सुरू झालं होतं. वाढीव मदतीची तेव्हा चर्चा होती, ती मिळायलाच पाहिजे. पण आपल्या आमदारांकडे नेमकं मागा:

१. दुष्काळ आणि गारपीट, दोन्हींचं नुकसान एकाच पंचनाम्यावर धरा.
२. गारपिटीचा पंचनामा शिवारात जाऊन करा, पर्जन्यमापकाच्या आकड्यावर नको.
३. गारपीट फळपीक विम्याच्या मूळ संरक्षणात घ्या.
४. दुष्काळी तालुक्यांना जाहीर केलेलं कर्ज पुनर्गठन आणि वसुलीची स्थगिती गारपिटीच्या गावांनाही लागू करा.

आणि आपल्यासाठी: तारखेसह फोटो काढून ठेवा. तलाठी, कृषी सहायकांना दिलेल्या अर्जाची पोच घ्या. ग्रामसभेत ठराव करा, त्याची नक्कल तहसीलला द्या. तोंडी सांगितलेलं कोणी ऐकत नाही, हे आतापर्यंत सगळ्यांना कळलंय. तुमच्या गावात पंचनामा झाला की नाही, गावाचं नाव टाकून खाली लिहा. यादी करून तहसीलदारांकडे सगळे मिळून जाऊ.