सिद्धगडावर हृदय बंद पडलं तर कोणतं यंत्र कामाला येईल?

मागच्या जानेवारीत आम्ही पाच जण सिद्धगडला गेलो होतो. २ जानेवारी १९४३ ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील इथे हुतात्मा झाले, त्यामुळे त्या दिवसांत मुरबाडकडून बरीच गर्दी असते. नारिवलीहून माचीवरच्या सिद्धगडवाडीत पोहोचेपर्यंत आमचे दीड-दोन तास गेले. मोबाईलला रेंज येत-जात होती. तिथे बसल्यावर मला काकांची आठवण झाली.

काका गेले तेव्हा मी घरातच होतो. ते ओसरीवर कोसळले. आम्ही चौघं जण गाडी शोधत होतो, कोणी पाणी मारत होतं, आणि इंजिनिअर म्हणवणारा मी यूट्यूबवर व्हिडिओ लोड व्हायची वाट बघत होतो. गाडी आली वीस मिनिटांनी. तोवर त्यांच्या छातीला कोणी हात लावला नव्हता.

म्हणून गेलं वर्षभर या विषयावर सापडेल ते वाचतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेची आणि युरोपची नवी सीपीआर मार्गदर्शक तत्त्वं आली, आणि त्याच महिन्यात आपल्या केंद्र सरकारने सीपीआर जागृती सप्ताह घेतला. त्यानंतर ‘आता मशीनच सीपीआर देणार’ असे रील्स फिरायला लागले. त्यातलं खरं किती ते बघू.

आधी एक फरक. हार्ट अटॅक म्हणजे हृदयाला रक्त पुरवणारी नळी तुंबणं. माणूस शुद्धीवर असू शकतो. कार्डिॲक अरेस्ट म्हणजे पंपच बंद. माणूस हाक मारून उठत नाही, श्वास थांबतो किंवा आचके दिल्यासारखा येतो. (हे आचके म्हणजे श्वास नव्हे. आम्ही तिथेच फसलो.) चार-सहा मिनिटांत मेंदूला इजा व्हायला लागते.

छाती दाबली की रक्त पुढे जातं, हे सगळ्यांना कळतं. पण हात उचलल्यावर काय होतं ते कोणी सांगत नाही. छाती पुन्हा फुलते, आत दाब कमी होतो आणि शरीरातलं रक्त हृदयाकडे परत ओढलं जातं. म्हणजे पंप भरतो तो सोडताना. अगदी छान सीपीआर दिला तरी नेहमीच्या प्रवाहाच्या साधारण पाव ते तीस टक्केच मिळतात. इंजिनिअर लोकांचा डोळा या उरलेल्या सत्तर टक्क्यांवर आहे.

याची एक सुरुवात गमतीशीर आहे. १९९० मध्ये अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात पत्र छापून आलं: सॅन फ्रान्सिस्कोत एका मुलाने वडिलांच्या छातीवर संडास तुंबल्यावर वापरतात तो रबरी प्लंजर चालवला आणि वडील वाचले. त्यातून छाती दाबणारा आणि वर ओढणाराही सक्शन कप तयार झाला. जोडीला आला एक तळहाताएवढा व्हॉल्व्ह. छाती फुलताना फुप्फुसात हवा घुसते आणि आतला कमी झालेला दाब भरून निघतो. हा व्हॉल्व्ह त्या क्षणी हवा अडवतो, त्यामुळे हवेऐवजी रक्त जास्त ओढलं जातं. कल्पना म्हणून मला ही फार आवडते.

पण चाचणीत काय झालं? २०११ मध्ये ८,७१८ रुग्णांवर नुसता व्हॉल्व्ह तपासला. मेंदू बऱ्यापैकी शाबूत ठेवून घरी गेलेले: खोट्या व्हॉल्व्हवर ६.० टक्के, खऱ्यावर ५.८. फरक नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात सक्शन कप आणि व्हॉल्व्ह एकत्र वापरले तर ६ चे ९ टक्के झाले. पुढे पहिल्या चाचणीचा डेटा पुन्हा तपासला, तेव्हा जिथे हाताने दाबणं नीट होतं तिथे व्हॉल्व्हचा फायदा दिसला. हा निष्कर्ष मागाहून काढलेला, त्यामुळे त्याला पुरावा म्हणायला मी कचरेन. पण तर्क पटतो: मुळात प्रवाहच नसेल तर व्हॉल्व्ह वाढवणार काय?

रील्समधलं मशीन म्हणजे बहुतेक वेळा स्वीडनमध्ये तयार झालेलं ल्यूकस. आठेक किलोचं, मिनिटाला १०२ वेळा, ५.३ सेंटिमीटर खोल दाबणारं. बॅटरी सुमारे ४५ मिनिटं. २०१४ च्या २,५८९ रुग्णांच्या चाचणीत चार तासांनंतर जिवंत असलेले मशीनवर २३.६ टक्के, हातांवर २३.७. म्हणून नवी तत्त्वंही म्हणतात, सरसकट वापरू नका. जिथे हाताने नीट दाबणं शक्य नाही किंवा दाबणाऱ्यालाच धोका आहे, तिथे विचार करा. डोकं वर उचलून सीपीआर देण्याचीही हवा आहे, पण अमेरिकन तत्त्वांनी ते संशोधनापुरतंच ठेवलंय.

आता नकाशा उघडा. माचीपासून चालत खाली, मग म्हसामार्गे मुरबाड, तिथून कल्याण आणखी तीसेक किलोमीटर. वाडीतल्या आजारी माणसाला झोळी करूनच उतरवावं लागतं. झोळीत छाती दाबता येत नाही. धावत्या ॲम्ब्युलन्समध्ये उभं राहून दाबणं हाही निव्वळ खेळ. म्हणजे ‘हाताने शक्य नाही’ ही अट मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलपेक्षा मुरबाड-शहापूरच्या रस्त्याला जास्त लागू पडते, आणि मशीन दिसतात मात्र तिकडे. २०१४ ला १०८ सेवा सुरू झाली तेव्हा राज्यभरात ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या फक्त २३३ ॲडव्हान्स्ड. तालुक्याचं बजेट माझ्या हातात असतं तर व्हॉल्व्ह शेवटी घेतला असता. आधी पायथ्याच्या गावात शॉक देणारं एईडी, मग लांबच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीत ल्यूकस.

आणि त्याही आधीची पहिली दहा मिनिटं? ती माचीवर जो असेल त्याचीच. एकाने १०८ लावायचा, दुसऱ्याने छातीच्या मधोमध ५ ते ६ सेंटिमीटर दाबायचं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, आणि दर वेळी छाती पूर्ण वर येऊ द्यायची.

त्या दिवशी मी फोनमध्ये ऑफलाइन मेट्रोनोम ११० वर लावला आणि माझ्या सॅकवर सराव केला. वाडीतली पोरं हसत होती. दीड मिनिटात माझे खांदे भरून आले, तेव्हा त्यातलाच एक, असेल बारावीतला, म्हणाला, “दादा, सरका, मी करतो.” त्याचा ताल माझ्यापेक्षा चांगला होता.