पुसताना जरा जपून

आमच्या जोयडा तालुक्यात मोटारीला वर्षातून दोनदा नवा रंग चढतो. उन्हाळ्यात तांबड्या धुळीचा आणि पावसाळ्यात चिखलाचा. रामनगर, गणेशगुडी, कुंभारवाडा, अणशी अशी गावे आणि त्यांच्या आतल्या रानातल्या वाड्या फिरून सायंकाळी गाडी दारी आली, की तिचा मूळचा रंग कोणता हे नवख्यास सांगता येऊ नये. म्हणून गाडी घरच्या घरी कशी उजळावी, असे वाचक आम्हांस अधूनमधून विचारतात. या विषयात आम्ही जे शिकलो ते एक चूक करून शिकलो. ती चूकच आज प्रथम सांगतो.

आमच्या फिरतीची गाडी गर्द निळी. काजूच्या हंगामानंतर येथील कुटुंबांनी वर्गणी काढून ती जुनीच विकत घेऊन दिली. आमच्याकडे कामास असलेले एक वृद्ध मामा त्या गाडीवर फार जीव लावीत. आम्ही परत येण्याचा अवकाश, की ते खांद्यावरचा पंचा काढून तिच्यावरची धूळ कोरडीच पुसून काढीत. दोन वर्षांनी एके दिवशी उन्हात पाहतो, तो बॉनेटभर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक वर्तुळाकार रेषा! ती त्या प्रेमळ हाताचीच खूण होती. आमच्या धुळीत गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी ही मोटारीच्या रंगाहून पुष्कळच कठीण. त्यावर कोरडे फडके फिरविले म्हणजे फडक्याचा सँडपेपर होतो.

सणाचे दिवस जवळ आले होते. आम्ही घासण्याचे एक यंत्र मागून आणले, पॉलिशचा डबा घेतला आणि भर दुपारी अंगणात त्या रेषा घालविण्यास बसलो. मध्यभाग सुरेख उजळला. त्या आनंदात बॉनेटच्या कडेवर यंत्र थोडे अधिक रेंगाळले, आणि पाहतो तो यंत्राचे पांढरे बोंड निळे झालेले! तेथला वरचा थर पार निघून खालचा रंग सुटू लागला होता.

ही गोष्ट समजण्यास मोटारीच्या रंगाची घडण ठाऊक हवी. पत्र्यावर प्रथम प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर वार्निशासारखा पारदर्शक लेप असे थर असतात. हे सारे मिळून साधारणतः १०० ते १५० मायक्रॉन. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यांपैकी वरचा लेप ४० ते ५० मायक्रॉनच, म्हणजे माणसाच्या केसाएवढाही जाड नव्हे. सारी झळाळी त्या लेपाची. तो सपाट असेल तर प्रकाश आरशासारखा परततो. त्यावर ओरखडे असतील तर प्रकाश विखुरतो व गाडी निस्तेज दिसते. पॉलिश काही झळाळी वरून लावीत नाही. ते लेप किंचित खरवडून ओरखड्याच्या तळापर्यंत सपाट करते. अर्थात प्रत्येक पॉलिशाबरोबर लेपाचा थोडा अंश जातो आणि गेलेला अंश परत येत नाही. कडांवर तर लेप आधीच विरळ असतो. याउलट मेण काही काढीत नाही. ते लेपावर केवळ पांघरूण घालते. पॉलिश हे औषध आहे, मेण हे पथ्य आहे. औषध क्वचित घ्यावे, पथ्य नित्य पाळावे.

आता घरी करावयाचा क्रम सांगतो. गाडी सावलीत उभी करावी आणि पत्रा हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. प्रथम नुसत्या पाण्याने धूळ वाहू द्यावी. तोवर तिला हात लावू नये. मग दोन बादल्या घ्याव्यात; एकीत मोटारीचा शाम्पू, दुसरीत स्वच्छ पाणी. मऊ कापड शाम्पूत बुडवून टपापासून खाली यावे, आणि पुन्हा शाम्पूत घालण्यापूर्वी ते स्वच्छ पाण्यात खळबळावे, म्हणजे निघालेली रेव पुन्हा गाडीवर फिरत नाही. चाकांचे फडके निराळे ठेवावे. भांड्यांचा साबण वापरू नये. तो मेणही धुऊन नेतो. डिझेलच्या फडक्याने पुसण्याची चाल काही चालकांत आहे. त्याने घटकाभर चकाकी दिसते, परंतु त्या तेलटपणावर दुप्पट धूळ बसते.

गाडी वाळल्यावर निरखून पाहावी. रेषा दिसत नसतील तर पॉलिशाच्या वाटेस जाऊच नये. दिसत असतील तर सर्वांत सौम्य पॉलिश घेऊन एका आडोशाच्या जागी वीतभर भागावर हाताने करून पाहावे. यंत्र वापरायचेच तर कडांना कागदी चिकटपट्टी लावावी. फडक्यावर गाडीचा रंग उतरला तर तत्काळ थांबावे. जुन्या ॲम्बॅसेडर-फियाट गाड्यांवर पारदर्शक लेप नसे. तेथे फडके रंगणे स्वाभाविक होते. आजच्या गाडीवर तीच धोक्याची खूण होय.

शेवटी मेण. यात नावाजलेले ते कार्नौबा. ब्राझीलच्या ईशान्य भागातील एका ताडवर्गीय झाडाची पाने कोरड्या वाऱ्यात ओल टिकविण्यासाठी अंगावर हे मेण धरतात; पाने वाळवून ते झाडून काढतात. मधमाश्यांचे मेण सुमारे ६३ अंश सेल्सिअसला वितळते, तर हे ८२ अंशांच्या पुढे. म्हणूनच तापलेल्या पत्र्यावर ते तग धरते. मेण अगदी पातळ लावावे. जाड थराने लाभ काही नाही, पुसण्याचे श्रम मात्र वाढतात. धुरकट साय आली की मऊ, स्वच्छ फडक्याने हलके पुसावे. काळ्या प्लॅस्टिकवर ते लागू देऊ नये. पांढरे डाग राहतात. पावसाळ्यापूर्वी एकदा व पावसाळ्यानंतर एकदा तरी मेण द्यावेच. पाण्याचे थेंब मोत्यांसारखे गोळा होईनासे झाले, की मेण सरले असे समजावे. जांभळाचे डाग, फणसाचा चीक, पाखरांची विष्ठा यांवर मात्र मेणाचाही फार काळ भरवसा नाही. त्यांवर ओले फडके ठेवून ती मऊ होऊ द्यावीत व अलगद टिपून घ्यावीत. नखाने खरवडू नयेत.

आमच्या बॉनेटवरचा तो तळहाताएवढा डाग अद्याप आहे. पुन्हा रंगवायचे तर खर्च त्याच काजूवाल्या कुटुंबांच्या खिशातून यायचा. तो आम्ही नाकारला. पण खरी अडचण निराळीच होती. मामांना सांगावे कसे? शेवटी एके संध्याकाळी त्यांच्यापुढे दोन बादल्या ठेवल्या आणि गारगोटीची गोष्ट सांगितली. ते बराच वेळ बॉनेटकडे पाहत राहिले.

“म्हणजे फादर, इतके दिवस मीच ओरखडत होतो?”

“मामा,” आम्ही त्या डागावर बोट ठेवले, “तुमच्या रेषा दोन वर्षांच्या. आमचा हा पराक्रम दोन मिनिटांचा.”

तेव्हा कोठे ते हसले. हल्ली ते पंचा खांद्यावरच ठेवतात. आम्ही फिरतीहून आलो की आधी पाण्याची झारी आणतात, आणि धूळ आपण होऊन खाली उतरेपर्यंत गाडीला हात लावीत नाहीत. आम्हांसही लावू देत नाहीत.