कारागिराची गाडी आणि रस्त्याचा कायदा

जेऊर हे करमाळा तालुक्यातील रेल्वेस्थानकाचे गाव. उजनीच्या पाण्याने या परिसरात ऊस वाढला आणि उसाबरोबर ट्रॅक्टर व ट्रॉल्यांची वर्दळ वाढली. जेथे यंत्रे येतात तेथे ती दुरुस्त करणारे हातही तयार होतात. भंगारातील इंजिन पुन्हा चालते करणारे, तुटलेला सांगाडा जोडून देणारे कारागीर आज ग्रामीण महाराष्ट्रात गावोगावी आढळतात. त्यांच्याजवळ पदवी नसते, कौशल्य असते.

असल्याच एका कारागिराने सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथे जुन्या सुट्या भागांतून सुमारे ६० हजार रुपयांत चारचाकी तयार केली. दुचाकीप्रमाणे किक मारून ती सुरू होत असे. डिसेंबर २०२१ मध्ये उद्योगपती आनंद महिंद्र यांनी तिचे जाहीर कौतुक केले. ती कोणत्याही नियमात बसत नाही हेही त्यांनी त्याच वेळी सांगितले आणि तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ती त्या कुटुंबाला मिळाली. उद्योगपतीचे औदार्य नाकारण्याचे कारण नाही. परंतु उद्या जेऊरच्या एखाद्या कारागिराने अशीच गाडी केली आणि तिच्यावर कोणा धनिकाची नजर पडली नाही, तर काय? औदार्य हे धोरण होऊ शकत नाही.

कायद्याची स्थिती स्पष्ट आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार नोंदणीवाचून वाहन सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. कलम ५२ अन्वये, उत्पादकाने नमूद केलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा बेकायदा बदलास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही शिक्षा आहेत. नव्या वाहनाचा नमुना मान्यताप्राप्त संस्थेकडून तपासून घ्यावा लागतो. या संस्थांपैकी प्रमुख संस्था पुणे व अहिल्यानगर येथे, म्हणजे जेऊरपासून फार दूर नाहीत. तरीही कारागिराला त्यांचे दार बंदच आहे. या तपासणीचा खर्च मोठा कारखाना लाखो गाड्यांवर वाटून टाकतो. एकच गाडी करणाऱ्याला तो सगळा एकट्याने सोसावा लागतो. नियम सर्वांना सारखा असला, तरी त्याचा भार सारखा नाही.

म्हणून नियमच नकोत, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. वेग दुप्पट झाला की गाडी थांबवताना ब्रेकना चौपट ऊर्जा शोषावी लागते. दुचाकीसाठी घडवलेले ब्रेक चार माणसांच्या वजनाला पुरे पडतील, याची खात्री नुसत्या नजरेने देता येत नाही. स्टिअरिंगच्या दांड्याचा जोड वरून भक्कम दिसतो; आतली चीर खड्ड्याखड्ड्याला वाढत जाते आणि एके दिवशी गाडी चालकाच्या हाती राहत नाही. त्या वेळी समोर असतो तो पायी जाणारा मजूर किंवा सायकलवरून शाळेला निघालेली मुलगी. गरिबाच्या कल्पकतेची किंमत दुसऱ्या गरिबाने जिवानिशी मोजावी, याला न्याय म्हणत नाहीत.

राजस्थानातील ‘जुगाड’ वाहनांविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये हाच मुद्दा निकालात काढला. जुगाड हे कायद्याच्या व्याख्येतील मोटार वाहनच असून नियम पाळल्यावाचून ते रस्त्यावर येऊ शकत नाही, असे न्यायालयाने ठरवले. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. आणि विमा नसेल तर अपघातग्रस्ताच्या बाजूने झालेला भरपाईचा हुकूम निर्धन मालकाच्या दारात कोरडाच राहतो.

मग वाट कोणती? ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची तपासणी होते; ब्रेक, स्टिअरिंग, दिवे ठीक असतील तर ती रस्त्यावर येते. आपल्याकडेही दिव्यांगांच्या सोयीसाठी वाहनात बदल करण्यास कायद्याने वाव ठेवला आहे. म्हणजे इच्छा असेल तेथे कायदा वाकतो. शासकीय तंत्रनिकेतने आणि परिवहन कार्यालये यांनी मिळून जिल्ह्याच्या ठिकाणी एकेका वाहनाची तपासणी अल्प शुल्कात करावी. उत्तीर्ण वाहनाला वेगाची व मार्गाची मर्यादा घालून नोंदणी द्यावी आणि विमा सक्तीचा करावा. अनुत्तीर्ण झाल्यास दोष लेखी सांगावा, म्हणजे कारागीर तो सुधारील. तोवर अशी गाडी रस्त्यावर आणू नये, हेही तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे.

मात्र हाच काटेकोरपणा सर्वत्र दिसावा. गळीत हंगामात मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही अशा उसाच्या ट्रॉल्या अंधारात रस्त्यावर असतात आणि दुचाकीस्वार त्यांच्यावर आदळून मरतात. तेथे कायदा डोळे मिटतो आणि एकट्या कारागिराच्या दारात मात्र ते उघडतो, असे झाले तर लोक त्याला सुरक्षेचा कायदा मानणार नाहीत. कारागिराला बक्षीस नको, दंडही नको; त्याला परीक्षेला बसण्याचा हक्क हवा.