भरलेल्या बॅटरीपुढे ऊन वाया का घालवायचे?

रविवारच्या अंकातील छतावर सौर पॅनेल बसवण्याच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेवरच्या लेखात ‘बॅटरीची जुनी यंत्रणा काढा आणि ग्रिडला जोडून घ्या’ असा सल्ला वाचला आणि संताप आला. वीज गेली की ग्रिडला जोडलेला बिनबॅटरीचा सौर इन्व्हर्टर सुरक्षेसाठी आपोआप बंद पडतो. गच्चीवर लख्ख ऊन असते आणि घरात पंखा फिरत नाही. इथे झाशीत लक्ष्मी गेटच्या गल्ल्यांत वीज कधी जाईल याचा नेम नाही, म्हणून तर आम्ही पदरमोड करून बॅटऱ्या घेतल्या. त्या मोडीत का काढायच्या?

सांगायला हवे होते ते वेगळेच. हिवाळ्यात झाशीत पंखे-कूलर बंद असतात. दुपारी बाराच्या सुमारास बॅटरी भरते, चार्ज कंट्रोलरवर ‘फ्लोट’चा दिवा लागतो आणि पॅनेलचा प्रवाह पंचवीस अँपिअरवरून दोन-तीनवर येतो. ऊन तेवढेच असते, वीज घ्यायला कोणी नसते. आणि त्याच घरात दुसऱ्या दिवशी पहाटे दीड हजार वॉटचा रॉड बादलीत सोडून विकतच्या विजेवर पाणी तापवतात!

50 लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला साधारण दीड युनिट लागते. एक किलोवॉटची पॅनेल निरभ्र दिवशी चारेक युनिट सहज देतात. दिवे आणि टीव्हीला त्यातली निम्मीही लागत नाही. म्हणजे दोन-तीन माणसांच्या आंघोळीचे पाणी रोज फुकट मिळण्यासारखे आहे. बॅटरी भरल्यावरच चालू होणारा पाचशे वॉटचा हीटर आणि चांगल्या आवरणाची टाकी एवढेच हवे. दुपारी तापलेले पाणी पहाटेपर्यंत टिकते. बाजारात मागायला जावे तर दुकानदार तोच दीड हजारवाला रॉड पुढे करतो. छोटा इन्व्हर्टर तो ओढणार कसा?

यावर कोणी म्हणेल, काचेच्या नळ्यांचा सौर बंब बसवा. उन्हातून उष्णता घेण्यात तो पॅनेलपेक्षा सरस आहे, मान्य. पण गच्चीवर त्याला जागा हवी, इथली माकडे नळ्यांवर उड्या मारतात आणि पॅनेल तर आधीच बसलेली आहेत. मात्र नेहमीचा गीझर थेट पॅनेलच्या डीसीवर कोणीही जोडू नये. डीसीत ठिणगी लवकर विझत नाही, थर्मोस्टॅटचे पॉइंट चिकटतात आणि पाणी उकळतच राहते. हे सांगणारा मिस्त्री मिळत नाही, म्हणून आपल्या वृत्तपत्राने ते छापावे.

सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला 78 हजारांचे केंद्राचे अनुदान आहे, पण ते फक्त ग्रिडला जोडणाऱ्यांना. आमच्या जिल्ह्यात गरौठ्याला 600 मेगावॉटच्या सौर पार्कची पायाभरणी 2021मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते झाली, त्याचा अभिमानच आहे. पण गच्चीवर रोज वाया जाणारे दीड-दोन युनिट कोणत्या खात्यात धरायचे? बॅटरी भरल्यावर चालणाऱ्या हीटरला आणि त्याच्या कंट्रोलरला निम्मे अनुदान मिळालेच पाहिजे.

आणि आमच्या गल्लीचा रस्ता खोदून ठेवला आहे, त्याचेही बघा. सकाळी पुसलेली पॅनेल त्या धुळीने संध्याकाळी मातकट होतात. खड्डा कधी बुजणार, ती तारीख तरी संबंधितांनी फलकावर लिहावी.

— एक वाचक, लक्ष्मी गेट, झाशी