मंगळाच्या वाटेवर कोण निर्णय घेणार?

२०४० पर्यंत भारतीय माणूस चंद्रावर उतरवण्याचे उद्दिष्ट केंद्र सरकारने जाहीर केले आहे. त्याआधी गगनयान आणि मग स्वतःचे अंतराळ स्थानक, असा क्रम आहे. या योजनांविषयी बोलताना रॉकेटचे आकारमान आणि खर्च यांची चर्चा पुष्कळ होते. पृथ्वीवरची मदत वेळेत पोहोचणार नाही, अशा क्षणी यानातल्या माणसांनी काय करायचे, याची फारच कमी होते.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक पृथ्वीपासून जेमतेम ४०० किलोमीटरवर फिरते. तिथला अंतराळवीर अडला तर जमिनीवरचे तज्ज्ञ जवळजवळ तत्काळ बोलतात. चंद्रापर्यंत संदेश जायला सव्वा सेकंद लागतो. मंगळापर्यंत तोच संदेश पोहोचायला ३ ते २२ मिनिटे लागतात आणि उत्तर परत यायला तेवढीच. केबिनमध्ये धूर दिसला तर पाऊण तास वाट कोण पाहील? शिवाय पृथ्वी आणि मंगळ यांच्यामध्ये सूर्य आला की सुमारे दोन आठवडे आज्ञा पाठवणेच थांबवावे लागते.

२४ सप्टेंबर २०१४ रोजी आपले मंगळयान कक्षेत शिरले, तेव्हा इंजिन पेटवण्याच्या आज्ञा त्यात आधीच भरलेल्या होत्या. काम चालू असताना ते काही काळ मंगळाआड होते. यंत्राला हे साधले, कारण काय घडायचे ते आधी ठरलेले होते. माणसाचे आजारपण असे वेळापत्रक पाळत नाही.

अंतराळ स्थानकावरील एका अंतराळवीराच्या मानेतील शिरेत रक्ताची गाठ आढळल्याचे प्रकरण २०२० मध्ये वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. पृथ्वीवरच्या डॉक्टरांनी उपचार ठरवले, सोनोग्राफी कशी करायची ते सांगितले, स्थानकावरचे मोजके औषध पुरवून वापरायला लावले आणि पुढे मालवाहू यानातून दुसरे औषध पाठवले. रुग्ण बरा झाला. मंगळाच्या वाटेवर मात्र यातली कोणतीच सोय नसेल.

म्हणूनच ‘नासा’ आणि गुगल अंतराळवीरांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारा वैद्यकीय सहायक तयार करत आहेत. रुग्णाची लक्षणे ऐकून निदान सुचवायचे, हे त्याचे काम. २०१४ मध्ये स्थानकावर त्रिमितीय मुद्रकाने पान्हा तयार करण्यात आला. त्याचा आराखडा मात्र पृथ्वीवरून पाठवला होता. खरा प्रश्न इथेच आहे. जे उपकरण पृथ्वीशी जोडलेले असतानाच चालते, त्याला स्वावलंबन म्हणता येणार नाही. आराखडे, वैद्यकीय ज्ञान, सुटे भाग आणि ते वापरणारे तयार हात, सारे यानातच असायला हवे. यंत्राने सल्ला देताना कारणही सांगितले पाहिजे. त्याचा सल्ला नाकारण्याचा अधिकार यानप्रमुखाला असला पाहिजे, आणि तो अधिकार उड्डाणाआधीच लिहून ठेवलेला हवा.

याची तालीम पृथ्वीवर कुठे झाली असेल, तर अंटार्क्टिकावर. आणि तिचा धागा गोव्यात आहे. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. कासिम यांच्या नेतृत्वाखालील पहिली भारतीय अंटार्क्टिका मोहीम गोव्याहूनच निघाली. आज वास्कोच्या हेडलँड सड्यावरील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही दोन्ही केंद्रे चालवते. हिवाळा लागला की तिथून कित्येक महिने सहजी परतता येत नाही. डॉक्टर, स्वयंपाकी, वीजतंत्री, वाहनदुरुस्ती करणारे आणि शास्त्रज्ञ एवढ्यांनीच एकमेकांचे निभावायचे.

सर्वणसारख्या गावात भर पावसात पंप बंद पडला तर फोन केल्यावर मेकॅनिक निदान ‘उद्या येतो’ म्हणतो. तिथे तो उद्या पुढच्या उन्हाळ्यात उजाडतो.

‘मैत्री’ ज्या शिर्माखर परिसरात आहे, तिथेच १९६१ मध्ये सोव्हिएत केंद्रावरील २७ वर्षांच्या डॉ. लिओनिद रोगोझोव यांनी स्वतःच्या आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया स्वतःच केली होती. अवजारे देणारा हवामानतज्ज्ञ होता, आरसा धरणारा वाहनचालक. त्या केंद्रावर दुसरा डॉक्टरच नव्हता. त्या घटनेकडे शौर्यकथा म्हणून पाहण्यापेक्षा सज्जतेतील त्रुटी म्हणून पाहणे अधिक उपयोगाचे आहे: एकुलता एक डॉक्टर आजारी पडला तर काय, याचा विचार आधी कोणीच पुरेसा केलेला नव्हता.

आता ध्रुवीय केंद्रांपर्यंत उपग्रहाची जोडणी पोहोचली आहे. ती असावीच. पण प्रत्येक अडचणीत सड्यावर किंवा दिल्लीला विचारण्याची सवय लागली, तर जुन्या हिवाळी पथकांनी स्वबळावर मिळवलेले कसब विस्मरणात जाईल. चार दशकांतल्या मोहिमांचे अहवाल आणि त्यांतून परतलेली माणसे आपल्याकडे आहेत. हिवाळ्यात काय बिघडले, कोणी दुरुस्त केले, कोणता सुटा भाग हाती नव्हता, निर्णयावरून मतभेद झाले तेव्हा कोणाचे ऐकले गेले, हे त्यांनाच विचारता येईल. अंतराळ यानातील सहायक यंत्रणा रचणाऱ्यांनी प्रयोगशाळेतून बाहेर पडून पहिली भेट वास्कोला द्यावी.